आमच्या घरी कोणाला बीपी नाही

आई,

घरी आम्ही तुला माय म्हणायचो. लिहायला बसलं की आई येतं. शाळेने तेवढं केलं. हे पत्र कुठे जाणार नाही हे मला माहीत आहे, आणि ज्या माणसाला पत्ता नाही त्याला पत्र लिहिणं माझ्या स्वभावात बसत नाही. पण गेल्या महिन्यात एक गोष्ट घडली. ती कोणाला सांगावी याचा मी बराच विचार केला आणि प्रत्येक वेळी तुझ्यापाशीच येऊन थांबले. गोष्ट रक्ताची आहे, आणि ते रक्त मला तुझ्याकडून आलेलं आहे.

मी गोंदियात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, फुलचूरला खोली घेऊन राहते. सकाळी लोक उपाशीपोटी येतात, मी त्यांचं रक्त काढते, नळ्या यंत्रात ठेवून फिरवते, लाल भाग खाली बसला की वरचं पिवळं पाणी, म्हणजे सीरम, तपासायला लावते. लोक समोर पाच-दहा मिनिटं असतात. त्यांचे चेहरे मला आठवत नाहीत, शिरा आठवतात. तू गावभर सांगत फिरायचीस, "माही पोरगी नर्सबाई होऊन राहिली." मी दोनदा तुला समजावलं की हा कोर्स वेगळा असतो. तू म्हणालीस, "सुई टोचते का नाही? मंग नर्सच झाली ना वो." त्यानंतर मी समजावणं सोडून दिलं. आता वाटतं, तुझं फार चुकत नव्हतं. दिवसातली जी काही माणसं मला शिवतात ती त्या सुईच्या निमित्तानेच.

गेल्या महिन्यात लॅबमध्ये नवीन यंत्र आलं. ते बसवायला नागपूरहून एक इंजिनीअर आला होता. नवीन यंत्र बसवलं की त्यावर आधी ठरलेली द्रावणं चालवतात, मग एखाद्या निरोगी माणसाचं रक्त चालवून पाहतात. आकडे जिथे यायला हवेत तिथे आले तर यंत्र बरोबर. तो म्हणाला, "मॅडम, कोई हेल्दी आदमी दीजिए." काउंटरवर बसणारी आमची बाई तोंडाळ आहे. तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "ये हैं ना. हवा खाके जीती हैं. इनसे हेल्दी कौन मिलेगा आपको?" मी आदल्या संध्याकाळपासून काही खाल्लं नव्हतं. सकाळी मी खातच नाही. म्हणून मीच हात पुढे केला.

नळी फिरवून बाहेर काढली. उपाशी माणसाचं सीरम स्वच्छ पिवळं असतं. नळीमागे कागद धरला तर अक्षर वाचता येतं. माझं गढूळ होतं. फार नाही. कोणी त्यात भाताच्या पेजेचे दोन थेंब टाकल्यासारखं. इंजिनीअरने नळी उजेडात धरली आणि विचारलं, "खाके आई हैं क्या?" मी नाही म्हटलं. "फिर मशीन में ही कुछ है." त्याने यंत्र धुतलं, पुन्हा चालवलं. मग मी तेच सीरम जुन्या यंत्रावर लावलं. दोन्हीकडे आकडे सारखेच आले. तोपर्यंत तो गमती करत होता, त्यानंतर थांबला. "चलिए, दूसरा कोई देखते हैं," एवढंच म्हणाला आणि काउंटरवरच्या बाईला बोलावलं. तिला दिवसभर भजी आणि चहा लागतो. तिचं सीरम मोहरीच्या तेलासारखं लख्ख निघालं आणि नवीन यंत्र बरोबर ठरलं.

तुला कळेल असं सांगते. ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तात फिरणारी चरबी. माझी वाढलेली आहे. एचडीएल म्हणून एक असतं, ते जास्त असलेलं बरं. माझं कमी आहे. उपाशीपोटीची साखर मधुमेहाइतकी नाही, पण असायला हवी त्याच्या वर आहे. युरिक अ‍ॅसिड थोडं वर. यातलं एकेक सुटं पाहिलं तर डॉक्टर म्हणेल, चालत राहा, गोड कमी करा. चारही एकत्र दिसले की त्याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं झालं आहे. मग शरीर ते आणखी तयार करतं. रक्तात ते जास्त राहिलं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवायला लागतं, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर ताठर होत जातं, आणि रक्तदाब हळूहळू वर जातो. लगेच नाही, काही वर्षांनी. कधी जातही नाही. धोका म्हणजे निकाल नव्हे, हे मी रोज लोकांना सांगते. पण दंडाला पट्टा बांधून जे कळतं ते उशिरा कळतं, आणि रक्तात त्याची चाहूल आधी लागलेली असू शकते. माझा दाब त्या दिवशी मोजला. एकशेअठरा, शहात्तर. अगदी नॉर्मल.

नॉर्मल हा शब्द आपल्या घरात तू आणलास. शाळेत आरोग्य शिबीर लागलं होतं, तू तिथे मुलांची रोजची खिचडी शिजवायचीस. शहरातून आलेल्या डॉक्टरने मास्तरांचे बीपी मोजले, मग तुलाही बसवलं. संध्याकाळी तू घरी आलीस ती हसतच. "एकशेवीस-ऐंशी! डॉक्टर म्हणे, बाई, तुमचा बीपी पुस्तकात लिहिल्यावानी हाये. मास्तरीण एवढी शिकली, तिचा चढला. माहा फर्स्ट क्लास पास झाला." त्यानंतर तो आकडा तुझ्या नावाला चिकटून राहिला. कोणाला चक्कर आली, कोणाचं डोकं दुखलं की तू म्हणायचीस, "मले नाही होत बापा बीपी, माहा पाहिला ना डॉक्टरनं." एकदाच मोजला होता, तोही बसून, गप्पा मारत, हिवाळ्यात. पण परीक्षा एकदा पास झाली की कोणी पुन्हा देत नाही, असा तुझा हिशेब होता. मी लॅबच्या कोर्सच्या पहिल्या वर्षाला असताना सुट्टीत बीपीचं यंत्र घेऊन आले आणि तुझा दंड धरला, तर तू ओरडलीस, "कायले? शिबिरात पाहिला ना! तुले शिकाचं हाये तं तुह्या बापावर शिक." मी बाबांवर शिकले.

तुझं स्वयंपाकघर मला घरातलं आठवत नाही, शाळेतलंच आठवतं. काळं पडलेलं मोठं गंज, म्हणजे खिचडीचं पातेलं, हातभर लांब डाव, आणि धुराने बारीक झालेले तुझे डोळे. मीठ तू हातावर घेऊन टाकायचीस आणि चाखायचीस. "मीठ कमी पडलं तं पोट्टे टाकून देतेत." सगळ्या मुलांचं झालं की गंजाच्या तळाची खरवड तू काढायचीस, वर आणखी चिमूटभर मीठ, आणि उभ्याने खायचीस. तोवर दिवसभर फक्त चहा, साखर भरपूर. आता सवयीने मी त्या ताटाकडे लॅबवाल्या नजरेने पाहते, मग स्वतःला थांबवते. सगळा जिल्हा भात खातो. सगळ्या बाया शेवटी जेवतात. तुझ्यासारखं खाऊन ऐंशी वर्षं जगलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. त्यामुळे कशाने झालं हे मी सांगत नाही, मला ते माहीत नाही. तू सडपातळ होतीस, एवढंच लक्षात ठेवते. सडपातळ माणसाकडे कोणी पाहत नाही. माझ्याकडेही कोणी पाहिलं नव्हतं.

तू त्या दिवशी डाव खाली ठेवलास आणि म्हणालीस, "हात झोपला वो." हे मला तुझ्या सोबतच्या बाईने सांगितलं, मी तिथे नव्हते. एप्रिल होता. आधी आमगावचा दवाखाना, मग गोंदिया, मग नागपूर. नागपूरला एका तरुण डॉक्टरने मला बाजूला घेऊन विचारलं, "बीपी कधीपासून होतं यांना?" मी म्हटलं, बीपी नव्हतं. तो म्हणाला, "हृदयाची भिंत जाड झाली आहे. असं एका दिवसात होत नाही. बरीच वर्षं दाब जास्त असणार." तू तिसऱ्या दिवशी गेलीस. घरी आल्यावर मी बाबांना ते सांगितलं. ते ओट्यावर बसले होते, म्हणाले, "ऊन लागलं होतं तिले. भट्टीपाशी बसून-बसून." आलेल्या प्रत्येकाला त्यांनी हेच सांगितलं. बहीण दहावीचा निकाल यायची वाट पाहत होती. तिनेही हेच ऐकलं. गावात तू उन्हाने गेलीस, आणि आपल्या घरात कोणाला बीपी नाही.

बहीण आता सालेकशाला असते. नवऱ्याचं स्टेशनजवळ दुकान आहे. ती सहा महिन्यांची गरोदर आहे. हे तुला आधी सांगायला हवं होतं. मी गोष्टी उलट्या क्रमाने सांगते असं तीही म्हणते. माझे आकडे पाहिल्यावर पहिला विचार मला माझा आला नाही, तिचा आला. आम्ही दोघी एकाच मातीच्या. गरोदरपणात बाईचं बीपी अचानक चढू शकतं, आईला आणि बाळाला दोघांनाही त्याचा धोका असतो, आणि घरात कोणाला असेल तर तपासणारे जास्त लक्ष ठेवतात. म्हणून एका रविवारी पिशवीत सुया, नळ्या, कापूस घेऊन मी सकाळच्या गाडीने निघाले. आपलं आमगाव गेलं तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. आपण शाळेत जाताना जिथून रूळ ओलांडायचो ती जागा आता कुंपणाने बंद केली आहे. तू कधी माझा हात धरायची नाहीस. दंड धरायचीस, तोही करकचून, दुखेपर्यंत. मी रडले तर म्हणायचीस, "हात निसटते. दंड नाही निसटत."

गाडीत बसल्यावर मला माझी चूक कळली. गरोदर बाईच्या रक्तातली चरबी तशीही वाढतेच, ते बाळासाठी असतं. माझ्या रक्तात जो आकडा काही सांगतो तोच तिच्या रक्तात फारसं काही सांगणार नव्हता. हे मला घरून निघतानाही माहीत होतं. तरी पिशवी भरली होती, कारण सुई घेऊन गेलं की बोलावं लागत नाही.

ती दारातच उभी होती, गाल भरलेले, पायात नवऱ्याच्या चपला. "आली का वो बाई? तुले रस्ता आठवला म्हणजे काहीतरी झालं असन." मला बसवून तिने चहा टाकला आणि दवाखान्यातलं सांगायला लागली. तिला नक्कल छान करता येते. "ते नर्सबाई विचारते, घरी कोणाले बीपी? शुगर? लकवा? मी म्हटलं, कोणालेच नाही. आमच्या मायचा तं एकशेवीस-ऐंशी होता, मास्तरणीपेक्षा चांगला! नर्सबाई हासून राहिली." तिचाही दाब आतापर्यंत नॉर्मल आहे. तिने तो मला तुझ्याच सुरात सांगितला.

मी म्हटलं, "मायला लकवाच झाला होता."

"ते उनानं झालं ना."

बोलायची जागा तिथे होती. नागपूरच्या डॉक्टरचं वाक्य मला शब्दन् शब्द पाठ आहे. पण ते तिला पटावं तर माझं रक्त पुढे करावं लागलं असतं. तू बरी असताना तुझं रक्त कोणी तपासलं नव्हतं, माझं तपासलेलं होतं. तेवढ्यात तिने चहा हातात दिला, माझं मनगट पाहिलं आणि म्हणाली, "हाडं निघाली तुही. जेवते का नाही? सगळ्या दुनियेचं रक्त तपासते, स्वतःचं तपासते का कधी?"

"तपासते," मी म्हटलं. "सगळं नॉर्मल आहे."

आई, शब्द माझे होते आणि आवाज तुझा होता. तिला तो ओळखीचा वाटला असावा, कारण तिने लगेच विश्वास ठेवला. पिशवी मी उघडलीच नाही. दुपारी तिने मला उडीदवडे वाढले, उरलेले डब्यात भरून दिले, आणि मी गोंदियाला परत आले.

त्याला आता दोन आठवडे झाले. तिची पुढची तपासणी या आठवड्यात आहे. लॅबमध्ये मी नेहमीसारखी आहे, काउंटरवरच्या बाईने एकदा विचारलं, "मॅडम, आपका वो रिपोर्ट डॉक्टर को दिखाया?" मी म्हटलं, "दिखाऊंगी." तिने पुन्हा विचारलं नाही. माझ्याबाबतीत लोक दुसऱ्यांदा विचारत नाहीत. ती सवय मीच लावली आहे आणि बरीच वर्षं मला ती सोयीची वाटली. या खोलीत मी ताप काढला आहे, परीक्षा दिल्या आहेत, तुझी श्राद्धं केली आहेत. एकटीने करता येत नाही असं फारसं काही उरलेलं नाही, असं मला वाटायचं. पण "घरी कोणाला बीपी?" या प्रश्नाचं उत्तर एकटीचं नसतं. मी गप्प राहिले तर उत्तर तिचं चुकतं.

इथपर्यंत लिहून मी थांबले होते. बाहेर दुपार आहे, समोरच्या घरी कोणीतरी गहू निवडत बसलं आहे. मी तिला फोन लावला. ती झोपेतून उठली होती.

"काय वो? मेलं का कोणी?"

"नाही. माझे रिपोर्ट नॉर्मल नाहीत."

मी आकडे सांगितले, सावकाश, एकेक. मग नागपूरच्या डॉक्टरने तुझ्या हृदयाबद्दल सांगितलेलं वाक्य सांगितलं. ऊन नव्हतं असं म्हणाले नाही; ऊन असेल, पण दाब आधीपासून होता असं म्हणाले.

मग ती म्हणाली, "त्या दिवशी काऊन खोटी बोलली तू?"

"माहीत नाही."

"माहीत नाही नोको म्हणू. मी तुले विचारली, तू तोंडावर नॉर्मल म्हटली. माह्या पोटात पोरगं हाये आणि तू मले नॉर्मल म्हटली."

ती रडत होती की चिडली होती ते फोनवर कळत नाही, ते मोजायला काही नसतं. थोड्या वेळाने तिने नाक ओढलं. "अगदी माय हायेस तू. अस्सल माय." आणि मग, वेगळ्याच आवाजात, "नर्सबाईले मी सांगीन. मायचंही सांगीन, तुहंही. आणि तू कोणाले दाखवली?"

"अजून कोणाला नाही."

"दाखवणारच नव्हती. मले ठाऊक हाये. मी मंगळवारी गोंदियाले येऊन राहिली, मोठ्या डॉक्टरकडं. तूही तिथंच दाखवजो. आधी मी, मंग तू. पळाची नाही." फोन ठेवता ठेवता म्हणाली, "वडे खाल्ले होते का, की फेकले?"

खाल्ले होते, दुसऱ्या दिवशी, थंडच. तसं सांगितलं.

मंगळवारी काय होईल ते मला माहीत नाही. तिचं बीपी पुढे चढेल की नाही, माझं कधी चढेल, हे कोणताच आकडा आज सांगू शकत नाही. एवढंच झालं आहे की तिला आता तो प्रश्न विचारला तर ती हो म्हणेल, आणि पुढचा माणूस तिच्या दंडाला पट्टा जरा लक्ष देऊन बांधेल.

एक गोष्ट राहिली. ती डॉक्टरला सांगायची नाही, बहिणीलाही नाही. माझं रक्त गढूळ निघालं त्या दिवसापासून मी रोज सकाळी खोलीत स्वतःचा दाब मोजते. इतक्या वेळा मोजायची काही गरज नाही, आकडा रोज तसाच येतो आणि मी तो लिहूनही ठेवत नाही. पट्टा फुगतो, दंड करकचून आवळला जातो, दुखेल इतका, आणि तेवढा वेळ मी हलत नाही. मग तो सैल होतो. कधी कधी मी बटण पुन्हा दाबते.